तीन साक्षी आणि एक दांडी

त्या घरच्या शर्यतीच्या गाडीला एक कायदा होता, आणि तो काकूने केलेला असल्यामुळे त्यावर अपील नव्हतं. गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी तीन माणसांनी, आपापल्या फडक्याने डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची दांडी, पुसून, आपापल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. या कायद्याला इतिहास होता. एकदा तेल दादाने भरलं असं काकांना वाटलं, काकांनी भरलं असं दादाला वाटलं, आणि बापलेकांच्या या परस्परविश्वासापायी एक अख्खा गिअरबॉक्स जळून कोळसा झाला. तेव्हापासून पहिले साक्षीदार काका, दुसरा दादा आणि तिसरी शंका.

शंका हे तिचं खरं नाव नव्हे. ती काकांची पुतणी. लहानपणी कोणी नुसतं "उजाडलं" म्हटलं तरी ती खिडकीपाशी जाऊन खातरजमा करून येई, म्हणून काकूने तिला हे नाव ठेवलं. पुढे ती भौतिकशास्त्र शिकून वजनकाटे आणि तापमापकं तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत लागली, तेव्हा नाव कायम झालं. लोकांच्या काट्यांवर अविश्वास दाखवण्याबद्दल तिला पगार मिळत असे. सुट्टीच्या दिवशी तेच काम ती काकूच्या गाडीसाठी फुकट करी.

गाडी चालवणारी काकू. साठीला टेकलेली, जिना चढताना गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडणारी. पण एकदा हेल्मेट डोक्यावर चढलं की तिचे गुडघे, कंबर आणि संसार या तिन्ही गोष्टी तिच्या लेखी संपत. काम तसं सोपं होतं. सरळसोट पट्टी, शेजारीशेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि पट्टीच्या टोकाला आधी पोचायचं. वळण नाही, खड्डा नाही, विचार करायला वेळ नाही. काकूच्या मते संसारात या तिन्हींची रेलचेल असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी माणसाला काहीतरी सरळ लागतं.

त्या सकाळी सरावाच्या पहिल्या फेरीहून गाडी आपल्या तंबूपाशी परतली, तेव्हा काकूचा चेहरा वाचायला कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती.

"किती?" हेल्मेटचा पट्टा सोडत तिने विचारलं.

शंकाने लॅपटॉपवरून मान वर केली. "तेरा."

"माणसासारखं सांग."

"इंजिनाने शंभर फेरे घेतले तेव्हा मागच्या शाफ्टने सत्त्याऐंशी घेतले. तेरा मधल्या मध्ये गेले."

"गेले म्हणजे कुठे गेले?"

"उष्णता झाली त्यांची. तेल तापलं."

"म्हणजे मी तिकडे शर्यत करत नव्हते," काकू म्हणाली, "तेल तळत होते."

शेजारच्या तंबूत दातांचे डॉक्टर आपल्या निळ्या गाडीचं बॉनेट पुसत होते. आठवडाभर लोकांची तोंडं उघडायला लावणाऱ्या या गृहस्थांना सुट्टीच्या दिवशी स्वतःचं बंद ठेवणं जमत नसे. "काकू, आवाज फार सुंदर आला हो," ते म्हणाले. "गाडी मागून येतेय का?"

"डॉक्टर, तुम्ही तुमच्या दाढा सांभाळा."

"सांभाळतोय ना. म्हणून तर माझ्याकडचा जादाचा कन्व्हर्टर तुम्हाला आणून दिलाय. नवाकोरा, कंपनीचा. खोकंसुद्धा फोडलेलं नाही."

ते खोकं काकूच्या तंबूत घडीच्या टेबलावर ठेवलेलं होतं आणि त्यावर चहाचा थर्मास होता. सकाळपासून काका त्या टेबलाच्या बाजूला फिरकले नव्हते. त्यांना चहा हवा असला की ते शंकाला सांगत.

कन्व्हर्टरची गोष्ट थोडक्यात अशी. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांची थेट गाठ नसते. समोरासमोर तोंड करून ठेवलेले दोन पंखे, दोन्ही एकाच बंद भांड्यात, आणि भांडं ट्रान्समिशन फ्लुइडने, म्हणजे त्यांच्या घरच्या भाषेत लाल तेलाने, गच्च भरलेलं. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल भिरकावतो, तेलाच्या माऱ्याने दुसरा फिरतो आणि त्याच्यामागून चाकं. या भांड्याचं नाव टॉर्क कन्व्हर्टर. दुसरा पंखा पहिल्याच्या किंचित मागे राहायचाच. तो त्याचा स्वभाव आहे. शेकडा पाच-सहा फेरे मागे राहिले तर कोणी ब्र काढत नाही. शेकडा तेरा मागे राहिले तर इंजिन बोंबलत राहतं आणि गाडी फिरायला निघाल्यासारखी जाते.

आणि हा कन्व्हर्टर काकांनी स्वतः बनवलेला होता. उभा जन्म त्यांनी लेथवर दुसऱ्यांचे नट, दुसऱ्यांचे दांडे, दुसऱ्यांचे बेअरिंग कातले. निवृत्त झाल्यावर, गेल्या थंडीत, त्यांनी पहिल्यांदा एक अख्खी वस्तू आपल्या मनाने घडवली. एकेक पातं वाकवलं, कोन मोजला, नापसंत केलं, पुन्हा वाकवलं. जेवतानासुद्धा अर्धं भांडं मांडीवर असे, आणि काकू म्हणे की या घरात सवत आली तीही लोखंडाची. गाडीत तो बसवल्यापासून मात्र घसरण वाढली होती. डॉक्टरांचं खोकं एकदा उघडलं की काकांचा कन्व्हर्टर वर्कशॉपच्या फळीवर जाणार आणि यथावकाश त्यात कोणीतरी खिळे ठेवणार, हे तंबूतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं, इतकंच.

काकू बोलली. "अहो, ऐकताय ना? आता दुसरी फेरी. हा आकडा आठाच्या आत आला नाही, तर खोकं उघडायचं. दुपारी बाद फेरी आहे, एकदा हरलं की घरी. घरी तुम्ही माझे नवरे, इथे माझे मिस्त्री."

"घरी तरी नवऱ्याचं कुठे चालतं," काका गाडीखालून म्हणाले.

"काकू, हा आकडा कन्व्हर्टरचाच आहे असं सिद्ध होत नाही," शंका म्हणाली. "एक सेन्सर इंजिनावर आहे, दुसरा गिअरबॉक्सच्या मागे. मध्ये कन्व्हर्टर आहे तसे गिअरबॉक्सचे क्लचही आहेत. घसरतंय एवढं दिसतं, कोण घसरतंय ते दिसत नाही."

"थंडीत काय बदललं?"

"कन्व्हर्टर."

"झालं तर मग."

"आणि दादाने नवे एक्झॉस्ट पाइप केले."

"एक्झॉस्ट कधी घसरतो का गं, शंके?" दादा म्हणाला. दादा काकांचा मुलगा, व्यवसायाने पाइपांचं वेल्डिंग करणारा, आणि आपल्या नव्या एक्झॉस्टबद्दल हळवा. त्या पाइपांना वाट देण्यासाठी त्याने डिपस्टिकची नळीही नवी केली होती, हंसाच्या मानेसारखी वळवून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवून झाली होती.

शंका पुन्हा लॅपटॉपकडे वळली. एक्झॉस्ट घसरत नाही, हे मान्य करायला तिला पुराव्याची गरज नव्हती.

दुसऱ्या फेरीआधी कायदा पाळला गेला. इंजिन चालू, तेल कोमट, गाडी न्यूट्रलमध्ये. काकांनी दांडी ओढली, पुसली, घातली, काढली. "खुणेवर." दादाने ओढली, पुसली, घातली, काढली. "अगदी खुणेवर." शंकाने तर चष्मा वर करून, दांडी उजेडात आडवी धरून पाहिलं. तेलाची लाल कड 'पूर्ण'च्या रेघेवर अशी बसली होती की तिला व्यावसायिक समाधान वाटलं. तीन निरीक्षणं, तीन निरीक्षक, फरक शून्य. तेल या शक्यतेवर तिने मनातल्या मनात काट मारली.

गाडी गेली. पट्टीच्या टोकाला इंजिनाने असा टाहो फोडला की डॉक्टरांनी बॉनेट पुसायचं थांबवून मान हलवली. काकू परत आली तेव्हा आकडा चौदा होता. गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीखाली लावलेली बाटली गुलाबी फेसाने काठोकाठ भरली होती.

"उकळून बाहेर येतंय," काका बाटली उजेडात धरून म्हणाले. मग त्यांनी बाही वर सारली. "कन्व्हर्टरच तापवतोय. काढतो मी."

काकू टेबलापाशी गेली. तिला जिंकायचं होतं खरं. पण जिंकण्याची ही पायरी तिलाही चढवत नव्हती, हे तिने थर्मासचं झाकण दोनदा उघडून दोनदा लावलं त्यावरून दिसत होतं.

कन्व्हर्टर उतरवायचा तर आधी तेल उतरवायला हवं. गाडी स्टँडवर चढली, काका आणि दादा खाली सरकले आणि गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनखाली काकांचं जुनं घमेलं लागलं. ते घमेलं लेथइतकंच जुनं होतं. या गाडीचं तेल त्यात किती येतं हे सर्वांना पाठ होतं: काठाच्या चांगलं खाली, उचलून नेताना हिंदकळलं तरी सांडू नये इतकं. पॅनचे बोल्ट सैल झाले, तेलाची धार लागली, आणि लागलेलीच राहिली.

"अरे, अरे," काकांचा आवाज आला. "पाय काढ. माझी चप्पल गेली."

"बाबा, घमेलं भरलं."

"भरतं कसं? आधीचं तेल फेकलं होतंस ना?"

"पुसून आणलंय मी. फडक्याने. तुम्ही बघितलंय."

"मग पाणी होतं त्यात."

"पाणी असतं तर मला दिसलं नसतं का? डोळे आहेत मला."

"डोळे आहेत, ते मी पण बघतोय. आता दुसरं काहीतरी आण, बादली आण, डॉक्टरांची घे, वाहतंय इकडे."

डॉक्टरांची बादली आली. तिचाही तळ झाकला गेला. गाडीखाली बापलेकांचा घमेल्यावरून वाद रंगला, आणि तंबूच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या शंकाने कपाळाला हात लावला. तिला त्या क्षणी कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, हिला काहीतरी वाईट बातमी कळली. वस्तुतः बातमी फार चांगली होती. फक्त ती कळायला इतका वेळ लागला, याची लाज आनंदाच्या आधी पोचली होती.

घमेल्याला मत नसतं. आत होतं तेवढंच बाहेर आलं. जास्त आलं, म्हणजे जास्त होतं. मग दांडीने सकाळी खुणेवर का दाखवलं? तीन माणसांनी पाहिलं होतं. पण तीन माणसांनी पाहिली ती एकच दांडी, एकाच नळीतून. तिच्या प्रयोगशाळेत कोणी एकच पोतं एकाच काट्यावर तीनदा तोलून "बघा, काटा बरोबर आहे" असं म्हणाला असता, तर तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. इथे ती स्वतः ते पोतं चष्मा वर करून तोलत आली होती. साक्षीदार तीन होते. साक्ष एकच होती.

"दादा," ती म्हणाली, "ती नळी नवी केलीस, तेव्हा लांबी कशी धरलीस?"

"जुनीएवढीच."

"वळण धरून, की सोडून?"

गाडीखालचा वाद थांबला. वळणाची लांबी आपण हिशेबात धरलीच नाही, हे दादाला तिथेच कळलं.

शंका तशीच आडवी झाली आणि खाली सरकली. पॅन निघाल्यामुळे गिअरबॉक्सचं पोट उघडं पडलं होतं. "काका, दांडी बसली की 'पूर्ण'ची रेघ कुठे यायला हवी?"

"पॅन जिथे चिकटतो त्या काठाशी. अगदी बरोबर काठाशी."

"दादा, दांडी घाल वरून. पूर्ण, टोपणापर्यंत."

दांडी वरून आली. रेघ काठाशी आली नाही. ती काठाच्या दोन बोटं वर, अंधारात, आपल्याच तोऱ्यात थांबली. नळी वरच्या तोंडाशी दोन बोटं लांब होती, म्हणून दांडी तेवढी उंच लटकत होती. आणि उंच लटकणाऱ्या दांडीचं टोक ओलं करायला गेले कित्येक आठवडे तीन प्रामाणिक माणसं गिअरबॉक्समध्ये तेल ओतत होती. जास्तीचं तेल फिरत्या भागांना लागतं, घुसळलं जातं, त्याचा फेस होतो. फेस म्हणजे निम्मी हवा, आणि हवा दाबली की दबते. फेसावर क्लच पकड धरत नाहीत आणि पंख्याने भिरकावलेला फेस दुसऱ्या पंख्याला गुदगुल्यांपलीकडे काही करत नाही. वरून तो उतू जाऊन बाटलीत येतो, आणि बाटली भरलेली बघून माणसं म्हणतात, तेल कमी झालं असेल, थोडं घाला.

"बघू," काका म्हणाले आणि सरकून आले. त्यांनी पाहिलं. "अरे वा," ते म्हणाले. इतक्या हलक्या आवाजात ते सहसा लेथशी बोलत.

"मला बघू द्या," म्हणत दादाही आला. मग काकू आली. गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत ती उताणी झाली आणि गाडीखाली घुसली. चौघांचे पाय चार दिशांना बाहेर राहिले.

डॉक्टर बादली मागायला आले आणि थबकले. "घरातली सगळीच एकदम बिघडली का?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, थोडं थांबा," गाडीखालून काकू म्हणाली, "आमचं कुटुंब एका दांडीकडे बघतंय."

बाहेर आल्यावर सगळ्यांनी हात पुसले आणि मग खरा प्रश्न पुढे आला. दादा म्हणाला, गिअरबॉक्स निम्मा उघडलाच आहे, बाद फेरीला वेळ आहे, दोन्ही कामं होतील: नळी कापू आणि डॉक्टरांचा कन्व्हर्टरही चढवू. तो चुकीचं काही बोलत नव्हता. चूक त्याची होती आणि तो ती दुप्पट कष्टाने फेडायला निघाला होता.

"करा दोन्ही," काकू म्हणाली.

"दोन्ही केलं तर कशाने बरं झालं ते कळणार नाही," शंका म्हणाली.

"मला कळायचं नाहीये, मला जिंकायचंय."

या वाक्यात तर्काची चूक कुठेच नव्हती, आणि शंकाला ती सापडली असती तर बरं वाटलं असतं. "तरी एका वेळी एकच गोष्ट बदल," ती म्हणाली. "नळी कापू, तेल बदलू. कन्व्हर्टर तोच ठेवू."

"खात्री देतेस? आठाच्या आत येईल?"

"नाही."

"निम्मी खात्री?"

"निम्मीपेक्षा जास्त. पण कन्व्हर्टरही वाईट असू शकतो. दोन दोष एकाच वेळी असायला बंदी नाही."

"तुझ्याशी लग्न करणाऱ्याचं अवघड आहे गं," काकू म्हणाली.

तेवढ्यात काका म्हणाले, "दोन्ही करा." ते चपलेतलं तेल निपटत होते, वर न बघताच बोलले. "तिचं बरोबर आहे. शर्यत तिची आहे. माझा नंतर बघू कधीतरी."

काकूने त्यांच्याकडे पाहिलं. नवरा भांडत असता तर तिने खोकं केव्हाच फोडलं असतं. तो भांडत नव्हता, आणि याची तिला सवय नव्हती.

"अहो, तुमची तरी खात्री आहे का त्याच्याबद्दल?"

"नाही."

"मग बनवलात कशाला? दुकानात मिळतात की."

"दुकानातला कोणाच्याही गाडीला बसतो," काका म्हणाले. "हा फक्त याच गाडीला. हे इंजिन, ही चाकं, तू सुटताना पाय कसा देतेस, सगळं धरून पात्यांचे कोन काढलेत. तुझं वजनसुद्धा धरलंय हिशेबात."

"माझं वजन तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अंदाजाने धरलं."

"किती धरलंत?"

काका पुन्हा चप्पल निपटायला लागले. मोजमापांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या कुटुंबात एखादा आकडा सांगायला नकार मिळाल्याची शंकाच्या आठवणीतली ही पहिलीच वेळ होती.

काकू घडीच्या टेबलाकडे वळली. खोकं तिने दोन्ही हातांनी उचललं, तंबूच्या दोरीवरून डॉक्टरांच्या बाजूला ठेवलं आणि थर्मास परत टेबलावर आणला. "नळी कापा," ती म्हणाली. "हरले तर मी हरेन. तुम्ही कोणी तोंड पाडून बसायचं नाही."

पुढच्या कामात बोलणं कमी होतं. दादाने नळी काढून शिकंज्यात धरली. हंसाची मान तशीच ठेवून तोंडाकडची दोन बोटं हॅक्सॉने उतरवली, कड कानशीने मऊ केली आणि आतला लोखंडाचा कीस हवेच्या झोताने असा उडवला की एक कणही राहायची हिंमत करणार नाही. नळी बसली. पॅन चढवण्याआधी दांडी घालून चौघांनी खालून पाहिलं: रेघ काठावर, जणू जन्मापासून तिथेच होती. मग पॅन, बोल्ट, आणि नवं लाल तेल. जुन्या तेलाला करपल्याचा वास होता. नव्याला वासच नव्हता, आणि काकांच्या मते तेलाचा तोच सर्वोत्तम वास. इंजिन सुरू करून, तेल कोमट करून, थोडं थोडं घालत ते रेघेशी आणून सोडलं. थंडीनंतर पहिल्यांदाच त्या गिअरबॉक्समध्ये जेवढं तेल मावायला हवं तेवढंच तेल होतं.

बाद फेरीच्या चिठ्ठ्यांत काकूसमोर नेमके डॉक्टर आले.

"काकू, हळू येईन हं," ते आपल्या गाडीत शिरता शिरता म्हणाले.

"या, या. मी टोकाला थांबते तुमच्यासाठी."

दोन्ही गाड्या रेघेवर उभ्या राहिल्या. काकूने गाडी रोखून धरणारं बटण अंगठ्याने दाबून धरलं; ते सोडलं की गाडी सुटते. काका पट्टीकडे पाठ करून उभे होते. बघून काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. कन्व्हर्टर ऐकायचा असतो. दादा नखं खात होता. शंका लॅपटॉप छातीशी धरून उभी होती आणि, जिला पुराव्याशिवाय काहीही वाटून घ्यायची सवय नव्हती, तिला फार काही काही वाटत होतं.

सुरुवातीच्या खांबावर, हिरव्याच्या आधीचे पिवळे दिवे एकामागून एक खाली उतरत लागले. गाडी सुटली.

सुटली म्हणजे नेहमीसारखी आधी ओरडून मग निघाली असं नाही. ओरडणं आणि निघणं एकाच क्षणी झालं. मागची चाकं रस्त्यात रुतल्यासारखी खाली बसली, नाक उचललं गेलं आणि काकूची गाडी डॉक्टरांच्या गाडीला जागेवर सोडून गेली. आवाज चढत गेला, पण पिसाट झाला नाही. गिअर बदलताना खाली आला आणि लगेच पुन्हा खांद्यावर ओझं घेतल्यासारखा भरदार होत टोकापर्यंत तसाच राहिला. काकांनी पाठ फिरवलेली तशीच ठेवून डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर आलेलं हसू कोणाला दिसावं अशी त्यांची इच्छा नसावी, पण चेहऱ्याने त्यांना विचारलं नाही.

टोकाच्या फलकावर काकूची वेळ उमटली. या गाडीने आजवर काढलेल्या सर्व वेळांपेक्षा ती कमी होती.

"बाबा, जिंकली," दादा म्हणाला.

"नाही," शंका म्हणाली. ती सुरुवातीच्या खांबाकडे बघत होती. काकूच्या बाजूला लाल दिवा जळत होता. हिरवा लागायच्या आत गाडी रेघ ओलांडून गेली होती. वेळ कितीही सुंदर असली तरी फेरी बाद. डॉक्टर बरेच मागून, सावकाश, विजयी झाले होते.

काकू परत आली. हेल्मेट काढता काढता तिने आधी आकडाच विचारला.

"सहा," शंका म्हणाली.

"सहा." काकूने तो शब्द जिभेवर घोळवला. "आणि तो लाल कशाचा? मी बटण नेहमीच्याच वेळी सोडलं. शेवटचा पिवळा लागला की सोडते, वर्षानुवर्षं."

"तू नेहमीच्याच वेळी सोडलंस. गाडी नेहमीच्या वेळी निघाली नाही. आधी तू सोडल्यावर ती विचार करायची, मग निघायची. तेवढ्यात हिरवा व्हायचा. आज तिने विचारच केला नाही."

काकूने हे ऐकलं, हेल्मेट काखेत धरलं आणि सावकाश काकांकडे वळली. "म्हणजे मी तुमच्यामुळे हरले."

"हो," काका म्हणाले. त्या एका अक्षरात इतका निर्भेळ आनंद होता की दादाला तोंड फिरवून हसावं लागलं.

"तुमचा कन्व्हर्टर नसता तर मी आत्ता पुढच्या फेरीत असते."

"असतीस."

"डॉक्टरांचा बसवला असता तर."

"तर नक्की असतीस."

"लाज नाही वाटत?"

"वाटेल," काका म्हणाले. "संध्याकाळपर्यंत वाटेल बहुतेक."

डॉक्टर खोकं उचलायला आले. जिंकलेल्या माणसाच्या मानाने ते जरा विचारात पडलेले दिसत होते. "काकू, ती गाडी माझ्या बाजूने गेली तेव्हा," ते म्हणाले, "मी माझ्या गाडीचं दार उघडं राहिलंय का ते बघत होतो."

"बसा, चहा घ्या. तुम्ही जिंकलात, मान तुमचा."

डॉक्टर बसले, खोकं पायाशी ठेवलं आणि बराच वेळ काकांच्या हातांकडे बघत राहिले. आपल्या गाडीलाही असा एक घडवून मिळेल का, हे त्यांच्या डोक्यात चाललंय याचा अंदाज सर्वांना आला. पण हातात कप असल्यामुळे त्यांनी ते बोलायला घेतलं नाही, आणि काकांनीही विचारलं नाही.

शंकाने आकडे पुन्हा तपासले. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये, हे तिला शिकवलेलं होतं आणि ती इतरांनाही तेच शिकवत असे. वारा, डांबराचं तापमान, हवेचा दाब, सगळं सकाळपेक्षा वेगळं होतं. तिने तसं दादाला सांगितलंही. दादा म्हणाला, "हो का," आणि तिला उरलेली बिस्किटं दिली.

पट्टीवर इतरांच्या फेऱ्या चालू होत्या. तंबूच्या सावलीत काकू घडीच्या खुर्चीत बसली, हातात रिकामा कप, कपाच्या कानावर अंगठा दाबलेला. समोर काकांना तिने गाडीखाली बघायचा दिवा घेऊन उभं केलं होतं. त्यांनी तो लावायचा, आणि तिने अंगठा उचलायचा. आधी उचलला तर हरली.

"आधी," शंका म्हणाली.

"दिवाच उशिरा लावला त्यांनी."

"मी वेळेवर लावला," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प राहा, तुम्ही दिवा आहात." काकूने अंगठा पुन्हा कानावर ठेवला, पाठ ताठ केली आणि समोर रोखून बघितलं. "लावा."

काकांनी तिला थोडं थांबवून ठेवलं, तिची पापणी हलायची वाट पाहिली, आणि दिवा लावला.